गाडी बुक केली आहे, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी सांगून टाकते: मारुतीची जिमनी बुक केली आहे. विचारलं असतं तर "आम्हा दोघांना आता कशाला" एवढंच ऐकायला मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही. पैशांचा विषय काढायचा नाही, बाबा. दर पावसात गाडी ढकलायला वाडीतली पोरं गोळा करायची, हे आता पुरे.

थार का नाही, हे तुम्ही विचारणारच. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून वर चढावं लागतं. आईचे गुडघे ऐकणार नाहीत. पाच दारांची रॉक्स मलाही आवडली, पण ती १८७० मिलिमीटर रुंद, स्कॉर्पिओ-एन तर १९१७. आपल्या दगडी गडग्यांमधली वाट फणसापाशी साडेसहा फूट, म्हणजे १९८० च्या आसपास. तिथे रॉक्सला दोन्हीकडे मिळून वीतभरही जागा उरत नाही. जिमनी १६४५, फूटभर मोकळी राहते. आरसे मात्र मिटून घ्यायचे.

आताची गाडी घसरते त्यात तुमच्या हाताचा दोष नाही, भाऊकाका काहीही म्हणोत. तिला जोर पुढच्या चाकांचा. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि तांबड्या चिखलात जागच्या जागी फिरतात. जिमनीत हवं तेव्हा चारही चाकं ओढतात. एखादं चाक अधांतरी फिरू लागलं तर गाडी त्याला ब्रेक लावते आणि जोर त्याच्या जोडीच्या, पलीकडच्या बाजूच्या चाकाकडे जातो. तेव्हा करकर आवाज येतो. घाबरून पाय काढू नका, एक्सिलरेटर हलका धरून ठेवा.

ऑटोमॅटिक घेतली, डाव्या पायाला क्लच नको म्हणून. कंपनी लिटरला १६.३९ किलोमीटर सांगते. घाटात तेवढं मिळणार नाही, हे आत्ताच सांगते.

आता नीट वाचा. डांबरावर नेहमी २एच, म्हणजे जोर दोनच चाकांना. ओला कच्चा रस्ता आला की ४एच, म्हणजे चारही चाकांना. कोरड्या डांबरावर ४एच ठेवायचं नाही: वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, हा फरक सोसायला मध्ये डिफरन्शियल नाही, म्हणून स्टीअरिंग जड होतं आणि गिअरवर ताण येतो. घरामागच्या घसरणीला ४एल, म्हणजे चारही चाकांना, पण हळू आणि जास्त जोराने. त्यासाठी गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा, मग छोटा दांडा खाली दाबून मागे ओढा. उतरताना गिअर एल वर. ब्रेक दाबून धरलात तर गाडी आडवी सरकू शकते.

पऱ्याला पाणी वाहतं असेल तर गाडी घालायचीच नाही, चारचाकी जोर असला तरी. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आत पाणी गेलेलं असलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मला फोन करा, रात्री दोन वाजले असले तरी.

आई, तुझ्याशी खोटं बोलत नाही: ही गाडी खड्ड्यांत डावी-उजवी डुलते. तू पुढेच बस. लहानपणी मला गाडी लागायची तेव्हा तू मुठीत आवळासुपारी ठेवायचीस. या वेळी डबी मी आणते. चढायला दाराखाली पायरी बसवून घेतली नाही, कारण दगडावर आधी तीच घासते. देवघरातला जुना पाट गाडीत ठेवू, त्यावर पाय ठेवून चढ. मागच्या सीटा उभ्या असल्या तर डिकी लहानच. तांदळाचं पोतं न्यायचं तर एक सीट पाडायची. मागचं दार आडवं उघडतं आणि त्यावर स्टेपनी असते, म्हणून पडवीच्या खांबाला टेकून गाडी लावू नका.

आणि बाबा, फणसापाशी फीत धरून माप पुन्हा घ्या, जमिनीलगत नव्हे, आरशांच्या उंचीवर. करवंदीची जाळी तिकडे झुकली असेल तर गडी लावून छाटून घ्या. स्वतः कोयता घ्यायचा नाही.

तुमची,
बाय