पाठलाग करणाऱ्याचीही गोष्ट सांगायला हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत इंग्रजी चित्रपटांच्या दुसऱ्या भागांवरचा लेख वाचला. त्यात १९९८ च्या ‘यू. एस. मार्शल्स’ला दोन वाक्यांत निकालात काढले आहे. ‘द फ्युजिटिव्ह’मधला निर्दोष डॉक्टर बाजूला ठेवून त्याच्या मागावरच्या अधिकाऱ्यालाच नायक केले, म्हणून दुसरा भाग फसला, असे लेखकाचे म्हणणे. मी जिल्हा न्यायालयात ३१ वर्षे लघुलेखक होतो. सरतपासण्या, उलटतपासण्या आणि निकाल उतरवून घेण्यात माझी उमेद गेली. त्या जोरावर सांगतो, लेखकाला जो दोष वाटला तोच या चित्रपटाचा गाभा आहे.

पहिला भाग (१९९३) सरस आहे, यात वादच नाही. पत्नीच्या खुनाचा खोटा ठपका आलेला डॉ. किंबल पळालेला असतानाही इस्पितळात सफाई कामगाराच्या वेषात शिरतो, एका जखमी मुलाचा एक्स-रे पाहतो आणि पकडले जाण्याची भीती असताना त्याला शस्त्रक्रियेसाठी पोचवतो. हॅरिसन फोर्डचा तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेन! नॉर्थ कॅरोलिनात डिल्सबरोजवळ खरी आगगाडी आदळवून घेतलेला अपघातही तसाच लक्षात राहतो. दुसऱ्या भागाने त्यावर ताण करायला कैद्यांचे विमानच पाडले. ते भव्य आहे, पण काळजाला भिडत नाही. शिवाय इथला फरारी, वेस्ली स्नाइप्सचा शेरिडन, हा मुरलेला सरकारी हेर. किंबलची असहायता त्याच्यात येणार कुठून? इथवर मी आपल्या लेखकाशी सहमत आहे.

आता किंबलच्या मागावरच्या अधिकाऱ्याकडे, मार्शल जेरार्डकडे पाहू. पहिल्या भागात धरणाच्या बोगद्यात किंबल त्याला सांगतो, ‘मी माझ्या बायकोला मारलेलं नाही.’ जेरार्ड म्हणतो, ‘मला त्याच्याशी कर्तव्य नाही.’ टॉमी ली जोन्सला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. ते उत्तर अनेकांना निर्दय वाटते, मला मात्र ते कायद्याला धरून वाटते. पळालेल्याला धरून आणणे हे मार्शलचे काम, दोषी-निर्दोष ठरवणे न्यायालयाचे. त्याला किंबलचा राग नाही, दयाही नाही. म्हणूनच पुरावा वेगळे बोलू लागतो तेव्हा तो त्याला ऐकू येतो.

दुसऱ्या भागात ही अलिप्तता तुटते. जेरार्डच्या पथकातला तरुण सहकारी न्यूमन गोळी लागून मरतो. गोळी झाडणारा रॉयस हा जेरार्डच्या सोबत दिलेला सरकारी अधिकारीच असतो, आणि तो सांगतो की हे शेरिडनने केले. जेरार्ड ते मानतो. चौकस, कोणावर सहजी विश्वास न टाकणारा हा माणूस शोकाने एवढा पेटतो की समोरचे सोपे उत्तर उचलतो. तोवर शेरिडन त्याच्यासाठी एक फरारी होता, आता तो वैरी होतो. अधिकारी भ्रष्ट नाही, आळशी नाही, आपल्या माणसावर जीव लावणारा आहे आणि तरीही चुकीच्या माणसामागे बंदूक घेऊन धावतो आहे. हे दाखवायला नायक तोच असायला हवा होता. पळणाऱ्याच्या डोळ्यांतून ही चूक आतून दिसलीच नसती.

या साऱ्या गोष्टींच्या मुळाशी लोक ज्या खऱ्या खटल्याचे नाव घेतात, तो ओहायोतल्या डॉ. सॅम शेपर्डचा. ‘द फ्युजिटिव्ह’ ज्यावर बेतला त्या, १९६३ साली सुरू झालेल्या मूळ दूरचित्रवाणी मालिकेच्या निर्मात्याने हा संबंध नाकारला होता. पण संपादक महोदय, तो खटला आपल्या वृत्तपत्र-व्यवसायाशी निगडित आहे, म्हणून लिहितो. जुलै १९५४ मध्ये शेपर्डच्या पत्नीचा खून झाला. क्लीव्हलँडच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर, हा माणूस अजून तुरुंगात का नाही, असा जाहीर सवाल केला. त्याच रात्री त्याला अटक झाली. डिसेंबरात तो दोषी ठरला. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, वृत्तपत्रांच्या गदारोळात त्याला निष्पक्ष खटला मिळालाच नाही, असे सांगून ती शिक्षा रद्द केली. फेरखटल्यात तो निर्दोष सुटला, तोवर सुमारे दहा वर्षे तुरुंगात गेली होती. १९७० मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी तो वारला.

आपल्याकडे काय होते तेही सांगतो. महाराष्ट्रातल्या २००३ च्या एका भीषण दरोडा, बलात्कार व हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरवली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. जिवंत राहिलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नाही. गुन्हा इतका अमानुष होता की कोणीतरी लवकर सापडावे असे साऱ्यांनाच वाटत असणार. न्यूमनच्या मृत्यूनंतरचा जेरार्ड मला इथे दिसतो. अशा चुकीच्या खटल्यांत भरपाईचा हक्क कायद्यात असावा, असे विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात सुचवले आहे. त्याबद्दल आपल्या पत्राने सातत्याने लिहावे, ही माझी एक मागणी.

दुसरी मागणी लहान आहे. माझ्या नोकरीच्या काळात चार वर्षांनी निर्दोष सुटलेला एक शेतकरी नक्कल विभागात निकालाच्या तीन नकला मागायला आला होता. एक सरपंचांना, एक मुलीच्या सासरी आणि एक स्वतःच्या घरी भिंतीवर लावायला. अटकेची बातमी त्याच्या नावानिशी, फोटोसह एका दैनिकात आली होती. सुटकेची ओळसुद्धा आली नाही. ‘साहेब, तो पेपर गावात सगळ्यांनी वाचलाय, हा कागद मी कुणाकुणाला दाखवू?’ असे त्याने विचारले. मी मान खाली घालून नकलांवर शिक्के मारत राहिलो. आज वीस वर्षांनीही ते बोचते.

म्हणून विनंती अशी की ज्याच्या अटकेची बातमी आपण नाव देऊन छापाल, त्याची निर्दोष सुटका त्याच पानावर, तेवढ्याच मथळ्यात छापावी. प्रत्येक जिल्ह्याच्या वार्ताहराने अटकेच्या बातमीची तारीख, पान क्रमांक आणि खटल्याचा क्रमांक एका वहीत टिपून ठेवला आणि दर महिन्याला न्यायालयात चौकशी केली, तर हे जमण्यासारखे आहे. अशी वही कशी ठेवायची ते मी आपल्या वार्ताहरांना आनंदाने दाखवीन.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक
सातारा