परिक्रमा उचलायची तर कार्तिकातच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांतीनंतर नर्मदा परिक्रमेला निघायच्या तयारीत असलेली मंडळी आमच्या तालुक्यात दरवर्षी भेटतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी मीही अशीच उशिरा निघाले. भाचीचं लग्न उरकलं आणि माघात ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलली. चातुर्मासात ओढे-नाले फुगतात, काठच्या वाटा बुडतात, म्हणून परिक्रमावासी एका जागी थांबतात, हे ठाऊक होतं. उशिरा निघालं की उन्हाळा कुठं गाठतो, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मैया, म्हणजे नर्मदा, उजव्या हाताला ठेवायची. म्हणजे आधी दक्षिण तटानं शूलपाणीची झाडी, विमलेश्वरहून होडीनं समुद्राच्या मुखापलीकडची मिठीतलाई, मग उत्तर तटानं उगमाशी अमरकंटक आणि पुन्हा दक्षिण तटानं नर्मदापुरम, हरदा करत ओंकारेश्वर. कार्तिकात निघालेल्यांना थंडी सोसावी लागते, मावठा झाला की काळी माती चपलेला किलोकिलोनं चिकटते. पण ते निभतं. मला हरद्याकडचा टप्पा वैशाखात लागला.

गहू निघालेला, शेतातली धसकटं पेटवून दिलेली. मैलभर काळी राख आणि जमिनीला अशा भेगा, की हातातली काठी आत रुतायची. सावलीला झाड नाही. सूर्यास्तानंतर चालायचं नाही हा नियम, त्यामुळे रात्रीचा गारवाही उपयोगाचा नाही. तिथं बरोबरचे साताऱ्याकडचे एक दादा काहीबाही बोलायला लागले. अंगाला हात लावला तर चटका बसला, घामाचा थेंब नाही. आरोग्यसेविकेची नोकरी केलेली, त्यामुळे उष्माघात लगेच ओळखला. काखेत, मानेवर ओले पंचे ठेवले. शेजारी मुगाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यानं मोटारीचा पाइपच ओढत आणून त्यांच्या अंगावर धरला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दवाखान्यात पोचवलं. शुद्धीवर आल्यावर दादांनी पहिलं विचारलं, "ताई, मला वाहनात बसवलंत? परिक्रमा खंडित झाली का हो माझी?" मला उत्तर देववेना.

शंभर दिवसांची वेळापत्रकं मोबाइलवर फिरतात, त्यांत महिन्याचा उल्लेखच नसतो. मैयेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तट धरले आणि वळसे सोडून दिले, तरी रोज २६ किलोमीटर चालावं लागतं. साठीच्या माणसाला वैशाखात हे झेपत नाही. मार्गशीर्षापर्यंत निघणं जमलं नाही, तर पुढच्या कार्तिकीची वाट पाहा. मैया कुठं जात नाही.

वारीआधी आपण पालखीच्या मुक्कामांचं वेळापत्रक छापता. तसंच कोजागरीच्या सुमारास परिक्रमेचे टप्पे आणि कुठल्या महिन्यात कुठं पोचायला हवं, एवढं छापावं, ही कळकळीची विनंती.

नर्मदे हर.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. वाळवा, जि. सांगली