स्मशानातला नळ आणि पावाचं एटीएम

लोर्म, सोमवार, रात्रीचे साडेनऊ (आणि बाहेर अजून लख्ख उजेड आहे)

भावा,

सगळ्यात आधी तुला स्मशानातल्या नळाबद्दल सांगतो, कारण इतकी वर्षं बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) करून ही ट्रिक आपल्याला कुणी सांगितली नव्हती. इथे गावात टपरी नसते, हॉटेल नसतं, दुकान असलं तर ते बंद असतं, पण दफनभूमी प्रत्येक गावाला असतेच आणि तिथे फुलझाडांना घालायला पाण्याचा नळ असतो. चर्चचा मनोरा लांबूनच दिसतो, मग गावाच्या कडेची दगडी भिंत शोधायची, लोखंडी फाटक कर्रकन उघडायचं, पाणी पिण्यासारखं नाही अशी पाटी नाही ना ते बघायचं, बाटल्या भरायच्या आणि फाटक परत लावून निघायचं. पहिल्या दिवशी मला फारच ऑकवर्ड झालं. आपल्याकडे असं स्मशानातून पाणी भरून घरी गेलो असतो तर आईने बाटलीसकट मला आंघोळ घातली असती.

तर मी फ्रान्समधल्या बरगंडीत आहे, पण फेमस वाइनच्या बाजूला नाही, त्याच्या पश्चिमेला, योन नदी आणि मोर्वांचे डोंगर या पट्ट्यात. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून ट्रेनमध्ये सायकल चढवली, ओसेरला उतरलो आणि तिथून निव्हेर्ने कालव्याच्या काठाने निघालो. हा कालवा १७४ किलोमीटर लांब आहे, १७८४ ला काम सुरू केलं आणि पूर्ण व्हायला १८४० चं दशक उजाडलं, म्हणजे सरकारी कामं सगळीकडे सारखीच. मधे राज्यक्रांती वगैरे होऊन गेली म्हणा. कडेने एकेकाळी बोटी ओढणारे घोडे चालायचे, आता सायकली चालतात, काही ठिकाणी मस्त डांबर आणि काही ठिकाणी नुसती खडी. माझे २८ मिलीमीटरचे बारीक टायर त्या खडीवर जे काय बोलले ते पत्रात लिहिता येणार नाही.

पण खरी मजा कालव्यावर नाही, कालवा सोडून वळलं की जे बारके रस्ते लागतात त्यांच्यावर आहे. यांना 'डी' रस्ते म्हणतात, म्हणजे जिल्हा रस्ते समज, कडेला पिवळ्या टोपीचा मैलाचा दगड आणि त्यावर डी आणि नंबर. शनिवारी सकाळी मी चक्क गाड्या मोजल्या. चाळीस मिनिटांत दोन, त्यातला एक ट्रॅक्टर. दुसरी जी कार होती ती माझ्या मागे वळण संपेपर्यंत गुपचूप थांबली, हॉर्न नाही काही नाही, मग पूर्ण पलीकडच्या लेनमधून गेली. इथे कायदाच आहे, गावाबाहेर सायकलला दीड मीटर सोडून ओव्हरटेक करायचं, गावात एक मीटर. मला खंबाटकीतली ती रात्र आठवली, ट्रेलर कानाला हवा घालून गेला होता आणि तू नंतर अर्धा तास काहीच बोलला नव्हतास.

आता हे रस्ते इतके रिकामे का, हे मला पहिले दोन दिवस कळत नव्हतं. गणित असं आहे. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत, कम्यून म्हणजे आपली ग्रामपंचायत धर, काहींची लोकसंख्या शंभरसुद्धा नाही, पण प्रत्येकाला स्वतःचा मेयर, स्वतःचं ऑफिस आणि चारी बाजूंनी जाणारे डांबरी रस्ते. देशात एकूण रस्ते ११ लाख किलोमीटरच्या आसपास आणि त्यातले बहुतेक हे असले बारके. लांबचा सगळा ट्रॅफिक ए-६ एक्सप्रेसवेने लिऑनकडे निघून जातो. मग उरतं काय, तर उत्तम रस्ता आणि त्यावरून जायला कोणी नाही. आपण सायकलवाले खूश. पण कोणी नाही म्हणजे कुठे गेले, ते आज कळलं, त्यावर येतोच.

शनिवारी क्लामसीला मुक्काम. या गावाने काहीशे वर्षं पॅरिसला जळण पुरवलं. मोर्वांच्या जंगलात लाकूड तोडायचं, ओंडके ओढ्यांत सोडायचे, वरच्या तळ्यांचं पाणी सोडून ते खाली ढकलायचे, क्लामसीला गोळा करून बांधायचे आणि सत्तर-पंचाहत्तर मीटर लांबीचा तराफा योनमधून, मग सेन नदीतून, थेट पॅरिस. आणि ऐक, तराफा पोचवला की ही माणसं पायी परत यायची. सुमारे दोनशे किलोमीटर. दोनशेची बीआरएम, चालत, ब्रेवे कार्ड (वाटेत शिक्के मारून घ्यायचं ते) नाही, मेडल नाही, परत आले की पुढचा तराफा. आपण फेसबुकवर काय काय टाकलंय ते आठवून थोडी लाज वाटली.

रोमां रोलां याच गावात १८६६ साली जन्मला. तोच, ज्याने रामकृष्ण, विवेकानंद आणि गांधींवर लिहिलं, तुझ्या बाबांच्या कपाटात आहे तो. शेवटची वर्षं तो वेझलेला राहिला आणि तिथेच १९४४ ला गेला. दोन गावांत चोवीसेक किलोमीटर अंतर आहे, मी ते रविवारी केलं आणि वाईट केलं.

म्हणजे असं की रविवारी २१ जून होता आणि मला दुपारी वेझलेच्या बॅसिलिकात पोचायचंच होतं. बाराव्या शतकातलं चर्च, टेकडीच्या टोकावर, आणि बांधणाऱ्यांनी ते असं बसवलंय की २१ जूनच्या सुमारास सूर्य माथ्यावर आला की दक्षिणेच्या वरच्या खिडक्यांतून ऊन आत येतं आणि मधल्या वाटेवर उजेडाचे ठिपके बरोब्बर एका ओळीत पडतात, दारापासून आतपर्यंत. वर्षभर वाट बघून मी ही तारीख धरली होती आणि मागचा टायर बसला. ट्यूब बदलली, तीही चिमटली गेली, घाई केली की होतं तेच. सँ-पेअरवरून शेवटचा चढ, आपल्या दृष्टीने काही नाही रे, कात्रजचा धाकटा भाऊ, पण मी घड्याळ बघत, दात-ओठ खात, उभा राहून मारला आणि वर जाऊन अक्षरशः जिभेने श्वास घेत होतो. आत गेलो तर ठिपके ओळ सोडून बाजूला सरकलेले.

तुला व्हेलोसिओ आठवतोय का? पॉल द विव्ही, सायकल टूरिंगचा आद्य गुरू, त्याचे सात नियम आपल्या ग्रुपवर दर सीझनला फिरतात. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी पी हे आपण पाळतो. मिरवायला म्हणून पेडल मारू नका हा शेवटचा आपण वाचून सोडून देतो. त्या चढावर बघायला कोणी नव्हतं तरी मी मिरवतच होतो, बहुतेक तुझ्यासमोर.

पण तिथे थांबलो ते बरं झालं. आतल्या दारावरच्या कमानीत दगडात जगभरची माणसं कोरली आहेत, त्या काळच्या लोकांना ऐकून माहीत असलेली. सुपाएवढ्या कानांचे लोक, घोड्यावर चढायला शिडी लावणारे बुटके, कुत्र्याच्या तोंडाची माणसं. आणि ही कुत्र्याच्या तोंडाची जमात भारतात राहते असं जुन्या ग्रीकांनी लिहून ठेवलेलं! मी आपला हेल्मेट काढून, केस बसवून, सभ्यपणे खालून गेलो. ११४६ मध्ये याच टेकडीच्या उतारावर बर्नार नावाच्या साधूने दुसऱ्या क्रुसेडसाठी, म्हणजे धर्मयुद्धासाठी, भाषण दिलं होतं, राजासमोर, गर्दी आत मावेना म्हणून बाहेर. आता तिथे शेत आहे आणि खाली बाक टाकलाय. स्पेनमधल्या सँटियागो या तीर्थाला चालत जाणाऱ्यांची एक वाट इथूनच सुरू होते, पाठीवर शिंपला अडकवलेले चार-पाच जण दिसले. त्यांना म्हटलं आमच्याकडे पण थोड्याच दिवसांत चालणार आहेत, लाखो. त्यांना लाखो हे माझं फ्रेंच चुकलंय असं वाटलं.

आज सकाळी बाझोश. हे तुझ्यासाठी केलं, गडकोटवाल्या माणसा. व्होबां याच भागातला, चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा इंजिनिअर, जन्म १६३३, म्हणजे महाराजांपेक्षा तीन वर्षांनी लहान. तिकडे राजगड-प्रतापगड उभे राहत होते तेव्हा हा इकडे तटबंद्या आखायला शिकत होता. मास्ट्रिख्ट शहर जिंकून दिल्याच्या बक्षिसातून त्याने हा वाडा घेतला. मी बाहेरूनच बघितला, गोल बुरूज, उतरत्या टोप्या, मागे जंगल. त्याची कबर गावातल्या चर्चमध्ये आहे, हृदय मात्र पॅरिसला. पण मला वेगळीच गोष्ट आवडली, या माणसाने १६९६ मध्ये वेझलेच्या परिसराचा बारकाईने अहवाल लिहिला होता, माणसं मोजून, जमीन कशी, खातात काय, किती गरीब आहेत, सगळं.

त्याने आज मोजायला घेतलं असतं तर काय झालं असतं असा विचार करत पुढच्या गावात शिरलो आणि तिथे माझं पेट्रोल संपलं. सोमवार! सोमवारी बेकऱ्या बंद. बाकीच्या दिवशी बारा ते दोन बंद. आणि या गावात बेकरीच नव्हती, पाटी होती, आत पडदा. पॅनियरमध्ये (सायकलच्या कॅरिअरवरच्या बॅगेत) लोणावळ्याच्या चिक्कीचे तीन तुकडे होते ते संपवले. मग चौकात बघतो तर एटीएमसारखं मशीन, आणि आत पाव! खरंच, नाणी टाका, बगेत (इथला लांब पाव) बाहेर. माझ्याकडे कार्ड आणि वीस युरोची नोट, मशीनला फक्त नाणी. काचेतून पाव दिसतायत आणि मी भुकेने थरथरतोय, सांग कसा दिसत असेन.

तेवढ्यात एक आजोबा पांढरी व्हॅन घेऊन आले. मी आधी 'बॉंजूर' म्हटलं, हे इथे आधी म्हणायचंच असतं, नाहीतर पुढचं कोणी ऐकत नाही. नोट दाखवली. त्यांनी ती हाताने बाजूला केली, स्वतःची नाणी टाकली आणि दोन पाव काढले, एक मला. माझ्या तोडक्या फ्रेंचमध्ये आम्ही तिथेच उभ्या उभ्या गप्पा मारल्या. मागे एक लांबट इमारत होती, मधे मेयरचं ऑफिस, एका बाजूच्या दारावर दगडात 'मुलगे' कोरलेलं, दुसऱ्या बाजूला 'मुली'. आजोबा मुलग्यांच्या दारातून गेलेले. शाळा कधीच बंद झाली. समोर युद्धाचं स्मारक, असलं इथे प्रत्येक गावात आहे, १९१४ ते १९१८. फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक त्यात गेले. एवढ्याशा गावात मी एकोणीस नावं मोजली, त्यात एकच आडनाव तीनदा. जे उरले त्यांची पोरं पॅरिसला. त्याच्याही आधीपासून इथल्या बायका पॅरिसच्या श्रीमंतांच्या बाळांना दूध पाजायला दाई म्हणून जायच्या, स्वतःचं बाळ घरी ठेवून. हा निएव्र जिल्हा १८८० च्या दशकात साडेतीन लाखांच्या जवळपास होता, आता दोन लाखांच्या आसपास आहे.

मी विचारलं ही सगळी घरं बंद का. ते म्हणाले ऑगस्टमध्ये उघडतात, पॅरिसहून येतात. मला हसू आलं आणि मग आलं नाही. तुझ्या राजापूरकडच्या वाडीत आपण मेमध्ये गेलो होतो बघ, अकरा घरं, सातांना कुलूप, आणि तुझी काकू म्हणाली होती गणपतीला ये, मग बघ. तेव्हा मी काय म्हटलं होतं आठवतंय? 'वा, काय शांत आहे रे इथे.' आणि तू काहीच बोलला नव्हतास. साल्या, तेव्हाच दोन शब्द सुनवायचेस की.

बाकी आज ४१ किलोमीटर झाले. संपूर्ण दिवसात ४१, ग्रुपवर टाकू नकोस. गुडघा कसा आहे? फिजिओकडे जातोस की नुसतं सांगतोस? पुढची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राइड २०२७ च्या ऑगस्टमध्ये आहे, त्याआधी सुपर रँडोनर (एकाच सीझनमध्ये २००, ३००, ४०० आणि ६०० च्या बीआरएम) पूर्ण करायचंय दोघांना, ते तर करूच. पण १२०० किलोमीटर आणि ९० तास झाल्यावर लगेच एअरपोर्टला पळायचं नाही, आठ दिवस जास्त काढ, इकडे येऊ. ऑगस्ट असेल, घरं उघडी असतील. ऑफिसला काय कारण सांगायचं ते तुझं तू बघ.

ट्यूब, पॅच, पंप सगळं मी आणतो. तू फक्त एक-एक युरोची नाणी आण, भरपूर, आणि एक त्या आजोबांसाठी वेगळं ठेव, गाव मी मॅपवर खूण करून ठेवलंय.

तुझाच,
कायम तुझ्या मागच्या चाकाला चिकटलेला