केसपेपरवरचा ‘व्यापार’ खोडणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मिरजेत तुमच्या ओपीडीत बसायला बाक मिळत नाही. तिथे उभं राहून आभार मानत बसलो तर मागचे पेशंट मला बाहेर काढतील, म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण माझ्यासारखे बेकरीवाले ते वाचतील, आणि नशीब असेल तर त्यांचे डॉक्टरही. नाव घालू नका म्हणालात, घातलेलं नाही.

तासगाव तालुक्यात आमची बेकरी आहे, वडिलांपासूनची. पाव, खारी, टोस्ट, दिवाळीत नानकटाई. बावीस वर्षं मी पहाटे तीनला उठतोय. तुमच्याकडे आलो तेव्हा अडीच वर्षं खोकत होतो. कुणी हवा बदलली म्हणालं, कुणी ॲसिडिटी. एका ठिकाणी टीबीसाठी थुंकी तपासली, एका ठिकाणी ईसीजी काढला. छातीचा फोटो दोनदा काढला, दोन्ही वेळा स्वच्छ. शेवटी एकांनी दमा म्हणून पंप दिला, तो बरोबरच होता. पंप घेतला की तासभर बरं वाटायचं आणि दुसऱ्या पहाटे मी परत पोत्याजवळ.

त्या डॉक्टरांना दोष देत नाही. सगळ्या केसपेपरवर ‘व्यवसाय’पुढे ‘व्यापार’ एवढंच लिहिलंय, आणि ते मीच सांगितलेलं. खरं सांगायचं तर बेकरीवाला म्हणण्यापेक्षा व्यापारी म्हणवून घेतलं की जरा बरं वाटतं.

तुम्ही तो शब्द वाचून विचारलंत, “कसला व्यापार?” बेकरी म्हटल्यावर, “बेकरीत तुम्ही स्वतः काय करता? पहाटे उठल्यापासून सांगा.” बाहेर चाळीस माणसं ताटकळत होती आणि तुम्ही माझी पहाट ऐकत होता. मी सांगत गेलो. मैद्याचं पोतं मिक्सरमध्ये पालथं करतो. पीठ चिकटू नये म्हणून टेबलावर सुका मैदा भुरभुरतो, दर घाण्याला. काम संपलं की झाडू मारतो. रिकामी पोती विकायची असतात, ती मागच्या दाराला झाडून ठेवतो. इथे तुमचं पेन थांबलं. “दाराच्या आत झाडता की बाहेर?” पावसाळ्यात आतच, म्हणालो. तुम्ही ‘व्यापार’वर काट मारलीत आणि लिहिलंत : बेकरी, पीठ मिसळणे, पोती झाडणे.

मग विचारलंत, छातीच्या आधी नाकाचं काही होतं का. होतं की! दोन वर्षं भट्टीजवळ शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे. धूर म्हणून सोडून दिलं होतं. खोकला कधी जास्त, तर रात्री झोपेत. म्हणून तर मला कधी कामाचा संशय आला नाही. काम पहाटेचं, दुखणं रात्रीचं. तुम्ही समजावलंत की काहींच्या छातीवर पिठाचा परिणाम लगेच दिसतो, काहींच्या सहा-आठ तासांनी, तोवर माणूस घरी पोचलेला असतो.

“सुट्टीत कसं वाटतं?” या प्रश्नाला मी हसलो. बेकरीला कुठली सुट्टी! तेवढ्यात बायको म्हणाली, “वारीत एकदा तरी पंप काढला होता का?” आषाढीला फलटणपासून पंढरपूरपर्यंत चालत गेलो होतो. रोज इतके कोस, नाकातोंडात रस्त्याची धूळ, रात्री तंबूत लाखो लोकांत झोप, आणि पंप पिशवीच्या तळाशी तसाच. घरी येऊन चौथ्या दिवशी माळ्यावर डबा ठेवायला चढलो तर धाप. पांडुरंगाची कृपा म्हणून मी ते सोडून दिलं होतं. तुम्ही त्यात हात घातला नाहीत, फक्त वारीच्या तारखा लिहून घेतल्यात.

बावीस वर्षं पिठातच आहे, मग आत्ताच कसं, असं मी हुज्जतीने विचारलं होतं. तेही तुम्ही शांतपणे सांगितलंत. ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. रोज नाकातून जाणाऱ्या पिठाशी शरीर काही महिने, काही वर्षं जुळवून घेतं आणि एक दिवस उलटतं. उलटलं की मग चिमूटभर पीठही पुरतं.

दुसऱ्या कुणी असतं तर एवढ्यावर ‘बेकरी बंद करा’ म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही म्हणालात, “मला संशय आहे, पण संशयावर तुमचा धंदा बंद करणार नाही.” त्या दिवशी ओपीडीतली फुंकायची तपासणी जवळपास नॉर्मल आली होती. एक दिवस फुंकून दमा पकडता येईलच असं नाही, तो चढतो-उतरतो, म्हणालात आणि हातात पीक फ्लो मीटर दिलंत. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी, काटा सरकणारी ती प्लॅस्टिकची नळी; आकडा जितका मोठा तितकी छाती मोकळी. दिवसातून चार वेळा, दर वेळी तीनदा फुंकायचं, मोठा आकडा लिहायचा, महिनाभर. औषध आपल्या मनाने बदलायचं नाही. मध्ये काही दिवस बेकरीपासून पूर्ण लांब राहायचं. आणि रोजची नोंद झाल्याशिवाय काम सोडायचं नाही, फार त्रास झाला तर मात्र लगेच यायचं. आधीच काम सोडलं तर तुलना कशाशी करणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

वही बायकोने ठेवली, मुलीची गणिताची अर्धी कोरी. मेहुण्याला बेकरीवर बसवून सहा दिवस कवठेमहांकाळला सासुरवाडीत राहिलो. इतके दिवस जावई राहिल्यावर सासूबाई काय म्हणाल्या ते इथे नको. कामाच्या दिवसांत आकडा तीनशेच्या आसपास, कधी त्याहून खाली. सासुरवाडीत तिसऱ्या दिवसापासून चढायला लागला, सहाव्या दिवशी 440. परत आलो आणि दोन दिवसांत पुन्हा खाली. तुम्ही वहीवरून आलेख काढलात, सुट्टीच्या दिवसांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्यात आणि कागद माझ्याकडे फिरवलात. काही बोलला नाहीत. बारावी नापास माणसालाही ती टेकडी दिसत होती.

मग ॲलर्जी कशाची ते बघायला हातावर थेंब टाकून सुई टोचलीत. वीस मिनिटांत गव्हाच्या पिठाच्या थेंबाखाली गांधी उठली. मी घाबरून विचारलं, आता पोळी बंद? तुम्ही पहिल्यांदा मोठ्याने हसलात. पोटातून नाही, श्वासातून जाणारं पीठ वैरी आहे. पोळी खा, पाव खा. खातोय.

मुलीने नंतर मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने 1700 साली कामधंद्यांमुळे होणाऱ्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात भट्टीवाल्यांवरही एक प्रकरण आहे. रोग्याला ‘तुझा धंदा काय’ हे विचाराच, असं त्याने डॉक्टरांना बजावलं होतं. म्हणजे आमचा खोकला तीनशे वर्षांपूर्वीच कागदावर आला होता. माझ्या केसपेपरवर यायला जरा उशीर झाला.

पण मॅडम, हे पत्र मुख्यतः तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी आहे. मी उठलो होतो, चपला घालत होतो, आणि तुम्ही विचारलंत, “तुमच्याबरोबर काम करणारं आणखी कुणी खोकतं का?”

मी ‘नाही’ म्हणालो. ते खोटं होतं. दोन वर्षांपूर्वी मिक्सरवर एक पोरगा होता. सारखा शिंकायचा, पोतं उचललं की बाहेर जाऊन उभा राहायचा. मी त्याला कामचुकार म्हणायचो, चारचौघांत म्हणायचो. एक दिवस पगार न मागता निघून गेला. आमच्याकडे माणसं दहाच्या आत, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू नाही. त्याचं दुखणं तो घरी घेऊन गेला आणि मी दुसरा पोरगा ठेवला. माझ्या वहीतली टेकडी बघितली त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती खोकल्याने नाही.

बेकरीत थोडं बदललंय. मिक्सरला झाकण केलं. पोतं वरून ओतायचं नाही, तोंड खाली नेऊन हळू सोडायचं. टेबलाला सुक्या मैद्याऐवजी जमेल तिथे तेलाचा हात. झाडूऐवजी ओलं फडकं. पोती झाडणं बंद, तशीच विकतो, भाव कमी मिळतो. मी गल्ल्यावर बसतो, आता खरोखरच व्यापारी झालो. पंप सुटलेला नाही, पण रात्री झोपतो.

त्या पोराला मागच्या आठवड्यात शोधून काढलं. थकलेला पगार दिला, माफी मागितली. बोलता बोलता तो दोनदा थांबला, दम घ्यायला. सध्या बेदाण्याच्या शेडवर आहे. तिथे माल पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात.

गुरुवारी त्याला तुमच्याकडे पाठवतोय. काय काम करतो हे विचारल्यावर ‘मजुरी’ एवढंच सांगेल, लाजरा आहे. त्याची पहाटही ऐकून घ्या.

आपला कृपाभिलाषी,
तासगावकडचा बेकरीवाला