शुभेला, लंडनहून

प्रिय शुभे,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घालशीलच, घाल. तब्येती बऱ्या, माझी पाठ सोडून.

चिनू शनिवारी फळांच्या गाड्यावर कामाला जातो, हे तुला बोलले नव्हते. आता म्हणतो, शाळा पुरे, हेच करायचं. ह्यांचा आवाज चढला, "इंग्लंडला येऊन पोरगा सफरचंदं विकणार!" त्यात शेजारच्या बाईंनी त्याच्या टोळक्याला ‘यॉब’ म्हटलं. म्हणजे मवाली. मी पदर खोचून निघालेच होते, पण चिनूच म्हणाला, "आई, सोड."

झोप येईना म्हणून शोधत बसले आणि तूच आठवलीस. ‘यॉब’ म्हणजे उलटा ‘बॉय’ ग! लंडनच्या फेरीवाल्यांची, कॉस्टरमाँगरांची चोरभाषा. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने १८५१ मध्ये ती टिपून ठेवली: ‘नो’चं ‘ऑन’, ‘बिअर’चं ‘रीब’, ‘पोलीस’चं ‘एस्क्लॉप’. आपल्या च-च्या भाषेतलं मास्तरांचं ‘चास्तरम’ आठव! (ती भाषा वसूला तूच फोडलीस, मी नाही. आणि ‘तू’चं त्या भाषेत काय होतं यावरून आजीचा मार खाल्ला तोही तुझ्यापायीच.)

नावही फळाचंच. कॉस्टर्ड नावाचं मोठं, कंगोऱ्यांचं सफरचंद असे. ते विकणारा कॉस्टरमाँगर. मेह्यूच्या काळात तेच लोक हेरिंग माशापासून कोबीपर्यंत वाट्टेल ते विकत. त्याच्या अंदाजाने लंडनमध्ये ३०,००० जण, बायकापोरं धरून. ‘माँगर’चं मूळ लॅटिन ‘मँगो’. "हापूस?" हे म्हणाले. आठवड्यात तेवढंच काय ते घरात हसू. आंब्याचा काही संबंध नाही. मालाला झिलई देऊन खपवणारा तो मँगो. मेह्यूच्या काळी संत्री उकळायचे म्हणे, फुगून मोठी दिसावीत म्हणून.

आणि आमचे चिरंजीव? मी लांबून पाहिलं. सफरचंद एप्रनला घासतो, डागाची बाजू खाली करून मांडतो. पण काठी टेकत आलेल्या आजोबांना मागच्या खोक्यातलं टणक काढून दिलं. हिशेब सगळा तोंडी. पाढे पाठ होईनात म्हणून रडणारा हा! शुभे, मला रागच येईना, हीच तर पंचाईत. ह्यांच्यापुढे काय बोलू? इथे अठरापर्यंत काहीतरी शिकावंच लागतं, म्हणून निदान दोन वर्षं हाताशी आहेत.

तुझं स्वयंपाकघर झालं का? काकूंचा मोतीबिंदू? सावनीला शाबासकी. चिनूला फोन कर, तुझं ऐकतो. उपदेश नको, आधी सफरचंदाचा भाव विचार.

तुझी,
नी