औषधाच्या चिठ्ठीवर पाणी आणि जेवणही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाने जरा उघडीप दिली की नागपुरात दर वर्षी तापाची साथ येते. नंदनवन असो की जरीपटका, मुलांच्या दवाखान्यांत बसायला जागा नसते. आईबाप चिठ्ठी घेऊन बाहेर पडतात. पॅरासिटामॉल किती मिली आणि किती तासांनी द्यायचं, ते तिच्यावर असतं. लेकराला काय पाजायचं, काय खाऊ घालायचं, हे मात्र बहुतेक वेळा नसतं. मग ते शेजारपाजारचे आणि मोबाइल ठरवतात. मी सरकारी रुग्णालयातल्या बालरुग्ण विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. वस्तीतल्या आया आजही विचारायला येतात, आणि त्यांचे प्रश्न औषधाचे कमी, खाण्यापिण्याचे जास्त असतात.

"ताप हाये, म्हणून काही दिलं नाही, जड जाईन" हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की शरीराची ऊर्जेची गरज साधारण १० टक्क्यांनी वाढते. श्वास जलद होतो, घाम येतो, अंगातलं पाणी उडून जातं. मोठ्या माणसाला एखादं लंघन झेपतं. दोन वर्षांच्या लेकराच्या अंगात तेवढा साठाच नसतो. अंगणवाडीच्या कार्डावर वजनाची रेघ खाली येते ती बहुतेक अशाच आजारपणात, आणि पुढचं आजारपण त्याला आणखी अशक्त अवस्थेत गाठतं.

भूक मंदावते, हे खरं. म्हणून नाक दाबून भरवू नये, त्याने उलटीच होते. मऊ वरणभात, मुगाची पातळ खिचडी, मीठ घातलेली भाताची पेज, ज्वारीच्या कण्या, केळं, दही, यांतलं लेकराला आवडेल ते दोन-तीन घास द्यावं आणि दोन तासांनी पुन्हा विचारावं. वरून चमचाभर तूप घातलं की थोड्या घासांतही पोषण जातं. केळं आणि दही थंड, संत्रं आंबट, म्हणून आपल्याकडे तापात बंद करतात. याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. संत्र्याच्या गावात तापलेल्या लेकराला सोललेली, बिया काढलेली फोड मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. ताप उतरल्यावर भूक परतते, तेव्हा दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावं. गेलेलं वजन त्यातूनच भरून येतं. हे सांगायचं तर हमखास राहून जातं.

आता पाण्याबद्दल. "पाजलं की ओकते, म्हणून बंद केलं" ही नेहमीची तक्रार. तहानलेलं लेकरू पेलाभर पाणी एका दमात पितं आणि सगळं बाहेर पडतं. चहाच्या चमच्याने मिनिटाला एक चमचा दिला तरी तासाभरात ३०० मिली पोटात जातं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, आणखी हळू, सुरू करायचं. नुसता ताप असेल तर साधं पाणी, पेज, पातळ ताक, घरचं लिंबू सरबत, नारळपाणी, काहीही चालतं. जुलाब असतील तर ओआरएस हवंच, म्हणजे पाण्यात कालवायची मीठ-साखरेची पूड. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीत. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घालू नये, कारण मीठ जास्त झालं तर ते लेकराला घातक ठरू शकतं. वरून साखर घालायची नाही, दुधात कालवायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

१९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत पटकीची (कॉलराची) साथ आली, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. इतकं मोठं काम करणाऱ्या या पाण्याच्या नावाखाली दुकानांत वर्षानुवर्षं गोड फळपेयांचे डबे विकले गेले. त्यांत साखर कितीतरी जास्त असते, आणि जुलाबात तिने जुलाब वाढतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी अनेक वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला मनाई केली. तरी औषधाच्या दुकानात मागताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे ना, हे बघूनच घ्यावं. आशाताईंकडे तेच पाकीट मोफत मिळतं.

सलाईनचा आग्रह तर फारच वाढला आहे. "एक बाटली लावून द्या, ताकद येईन." साध्या सलाईनच्या ५०० मिली बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत सुमारे २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम एका पोळीची ताकद. जे लेकरू गिळू शकतं, त्याला सुई टोचून हे देण्यात काय अर्थ आहे? लेकरू पिऊच शकत नसेल, सतत उलट्या होत असतील, गळून गेलं असेल, तेव्हा सलाईन जीव वाचवतं. ते कधी लावायचं, हे डॉक्टरांना ठरवू द्यावं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा नियम वेगळा. त्याला आईचंच दूध, पण जास्त वेळा. वरचं पाणी नको, घुटी नको, आपल्या मे महिन्यातही नको. नाक चोंदल्याने बाळ दूध सोडतं, तेव्हा पाजण्याआधी सलाईनच्या थेंबांनी नाक मोकळं करावं. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी काहीही करत न बसता रुग्णालय गाठावं. वर्षाच्या आत मध चाटवू नये.

डेंग्यूच्या दिवसांत पपईची पानं शोधत आणि महागडी किवी घेत फिरणारे बाप मला दिसतात. त्यांची तळमळ कळते. पण पपईच्या कडू रसाने लेकरू ओकतं आणि पोटात होतं तेही जातं. बीट-डाळिंबाच्या लाल रसाने उलटीत रक्त आहे की रंग, हे कळेनासं होतं. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणजे संकट टळलं असं नसतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतानाच धोका वाढतो. पोटात खूप दुखणं, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी निघावं. कुठल्याही तापात सहा तासांत सू झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे किंवा टाळू खोल गेली, लेकरू हलवूनही नीट जागं होत नाही, झटका आला, तर मध्यरात्र असली तरी थांबू नये.

माझं मागणं साधं आहे. शहरातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाखाली दोन ओळी लिहाव्यात: काय पाजायचं, काय खाऊ घालायचं आणि कोणती लक्षणं दिसली तर परत यायचं. गर्दीत लिहिणं जमत नसेल तर रबरी शिक्का करून घ्यावा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत हाच मजकूर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, औषधाच्या खिडकीशी लावावा, कारण आई तिथे थांबलेली असते. औषधविक्रेत्यांनी पाकीट देताना किती पाण्यात कालवायचं, ते तोंडाने सांगावं. आणि आपण आपल्या दैनिकात साथीच्या दिवसांत रोज एक छोटी चौकट यासाठी द्यावी, ही नम्र विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
नंदनवन, नागपूर