सहकारमंत्र्यांना खुले पत्र: एकदा आमचे छत बघायला या

माननीय सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य,

स.न.वि.वि.

परवा सकाळी सासूबाईंच्या उशाशी छताचा तळहाताएवढा पोपडा पडला. वय वर्षे 86. तोंडावर पडला नाही, एवढेच. त्या विचारतात, "पाऊस लागला का गं?" पाऊस कसला, वरच्यांची आंघोळ चालली होती.

आम्ही नौपाड्यात तीन मजली जुन्या सोसायटीत राहतो. वरच्या मोरीची गळती दोन वर्षे अंगावर घेतो आहोत. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात, कौतुक आहे. पण एक तलाव आमच्या छताला लटकवा अशी मागणी आम्ही केली नव्हती.

आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, स्वच्छ लिहिले आहे: गच्चीची गळती सोसायटीने काढायची, संडास-मोरीची ज्याने त्याने स्वखर्चाने. वाचून वाटले, झाले काम! कमिटीला अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तुमचं तुम्ही आपसात मिटवा ना." मग एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी पंधरा दिवसांत पाहणीला माणूस पाठवतो असा शब्द दिला. त्याला सात महिने झाले. परत गेले तर खुर्चीत दुसरेच साहेब. "गळती ना? मग सहकारी संस्था कायद्याचं कलम 91, सहकार न्यायालय." चौकीत अदखलपात्र नोंदीची चिठ्ठी मिळाली, ती जपून ठेवली आहे. वकिलांनी फीचा आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत वरच्यांना आम्हीच नवी मोरी बांधून दिली असती, फरशीसकट.

एकोणीस फेऱ्या झाल्या. रिक्षा आणि झेरॉक्स धरून साडेचार हजार गेले, वहीत मांडलेत. गंमत म्हणजे कुठली तक्रार कुठे न्यायची याची यादीही त्याच उपविधींत आहे: निबंधक, सहकार न्यायालय, दिवाणी न्यायालय, महापालिका, पोलीस. दारे भरपूर. आत येऊन मान वर करून छत बघणारा मात्र एकही नाही.

आमच्या गावी चुलत दिरांचा बांधाचा तंटा होता, दोन पिढ्यांचा. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. समितीची माणसे बांधावर गेली, दोरी धरली, संध्याकाळी देवळात सह्या झाल्या. मग शहरातल्या माणसांना भांडणे नसतात का? ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांत तरी गळतीवरून बोलणे बंद असेल. मी काही मोजायला गेले नाही, पण जिन्यात कळते.

आता मध्यस्थी कायदा, 2023 आला म्हणतात. भाच्याने वाचून दाखवला. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थी, तीन मध्यस्थ, सगळे छान. फक्त दोन्ही बाजूंची आधी संमती हवी, आणि झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद नाही. म्हणजे वरच्यांनी संमती द्यायची! जे बेल वाजवली तर दार उघडत नाहीत ते? देशात पाच कोटींवर खटले तुंबलेत हे सरकारच संसदेत सांगते. तुंबणारच. मोरीचे भांडणसुद्धा तुम्ही कोर्टाच्याच पायरीवर नेऊन ठेवता, आणि वर 'सहकार' नावाचे खाते चालवता.

मागणे एवढेच होते, राहून जायला नको: प्रत्येक प्रभागात आठवड्यातून एक दिवस एक टेबल मांडा. त्यावर एक इंजिनिअर आणि एक समजूतदार माणूस बसवा. अर्ज आला की पंधरा दिवसांत घरी येऊन दोन्ही मजले बघायचे, गळती कुणाची ते कागदावर लिहायचे, आणि बोलावूनही न येणाऱ्याला दंड. त्या कागदाला कोर्टाने किंमत द्यावी.

तुमच्या बंगल्यावर वरचा मजला दुसऱ्या कुणाचा नसावा, म्हणून तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. तर एकदा याच. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान या, आंघोळी तेव्हाच असतात. पलंगाच्या डाव्या बाजूला उभे राहू नका, तिथे बादली आहे.

आपली,
नौपाड्यातली एक सभासद